नागरी समाज की नागरिक समाज? नेपाळच्या निमित्तानं

प्रश्न असा आहे: नेपाळमध्ये सशस्त्र संघर्ष संपल्यानंतर तिथे झालेल्या कामाबद्दलचा एक इंग्रजी अहवाल मराठीत आणायचा आहे. ‘सिव्हिल सोसायटी’ आणि ‘सिव्हिक एज्युकेशन’ हे शब्द त्यात पानोपानी येतात. पहिल्यासाठी ‘नागरी समाज’ आणि दुसऱ्यासाठी ‘नागरिकशास्त्र’ असं लिहून पाहिलं, पण वाचताना दोन्ही खटकतात. का खटकतात, आणि त्याऐवजी काय लिहावं?

खटकतात हे अगदी बरोबर आहे. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो: पहिल्यासाठी ‘नागरिक समाज’ लिहा, आणि दुसऱ्यासाठी ‘नागरिक शिक्षण’. फक्त ‘नागरिक समाज’ हा शब्द सरसकट वापरू नका. त्याचं कारण पुढे येईलच.

‘सिव्हिल’ या एका इंग्रजी शब्दासाठी मराठीत एकच प्रतिशब्द कधीच नव्हता. सिव्हिल कोर्ट म्हणजे दिवाणी न्यायालय. लष्करी नसलेलं प्रशासन ते मुलकी. तिथले वरिष्ठ अधिकारी सनदी. बांधकामाची अभियांत्रिकी स्थापत्य, कायदेभंग सविनय आणि आपसातलं युद्ध यादवी. प्रत्येक ठिकाणी त्या त्या व्यवहारातून शब्द आला आणि रुजला. ‘नागरी’ हा या घराण्यातला अलीकडचा शब्द. ‘नागरी हक्क’मध्ये तो नागरिकाशी जोडलेला आहे, पण रोजच्या मराठीत त्याचा अर्थ शहराकडे झुकला आहे: नागरी सहकारी बँक, नागरी सुविधा, नागरी वस्ती. ‘नागरी समाज’ वाचलं की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे शहरात राहणारी माणसं उभी राहतात.

नेपाळच्या बाबतीत तर हा अर्थ वस्तुस्थितीच्या उलट जातो. 13 फेब्रुवारी 1996 रोजी माओवाद्यांचं ‘जनयुद्ध’ सुरू झालं ते रोल्पा, रुकुम यांसारख्या डोंगरी जिल्ह्यांत. 21 नोव्हेंबर 2006 च्या विस्तृत शांतता करारापर्यंतच्या दहा वर्षांत सतरा हजारांच्या आसपास माणसं मेली असं सर्वसाधारणपणे सांगितलं जातं. हजाराहून अधिक माणसं बेपत्ता झाली, आणि त्यांतल्या अनेकांचा ठावठिकाणा घरच्यांना आजही कळलेला नाही. झळ सोसली ती मुख्यतः खेड्यांनी. त्यानंतरची माणसं जोडण्याची आणि हक्क समजावून सांगण्याची कामंही बरीचशी खेड्यांतच झाली. अशा कामाला ‘नागरी’ म्हटलं की अर्थाची गल्लत होणारच.

नेपाळी भाषेनं यासाठी ‘नागरिक समाज’ हा शब्द घेतला, आणि त्याला अर्थ मिळाला तो रस्त्यावर. 1 फेब्रुवारी 2005 रोजी राजे ज्ञानेंद्र यांनी सत्ता स्वतःच्या हातात घेतली. नेते स्थानबद्ध झाले, एफएम केंद्रांना बातम्या द्यायला बंदी आली, आणि काही ठिकाणी पत्रकार चौकात उभे राहून ध्वनिक्षेपकावरून बातम्या वाचू लागले. राजकीय पक्षांवरचा लोकांचा विश्वास तोवर उडालेला होता. अशा वेळी कृष्ण पहाडी, देवेन्द्रराज पांडे यांच्यासारखी, कुठल्याही पक्षाच्या वतीनं न बोलणारी माणसं पुढे आली. त्यांनी सभा घेतल्या. पक्षनेत्यांना सभेला बोलावलं, पण व्यासपीठावर जागा दिली नाही. त्यांनी श्रोत्यांत बसून ऐकायचं, असा तिथला रिवाज होता. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. नागरिकानं बोलायचं आणि नेत्यानं ऐकायचं, हा क्रम लोकांनी तिथे डोळ्यांनी पाहिला. नोव्हेंबर 2005 मध्ये सात पक्ष आणि माओवादी यांच्यात बारा कलमी समझोता झाला. एप्रिल 2006 मध्ये एकोणीस दिवसांचं जनआंदोलन झालं आणि राजाला संसद पुन्हा प्रस्थापित करावी लागली. त्या काळात ‘नागरिक समाज’, ‘नागरिक आंदोलन’, ‘नागरिक अगुवा’ हे शब्द वर्तमानपत्रांत रोज छापून येत होते. अगुवा म्हणजे पुढे होऊन वाट दाखवणारा.

त्याच सुमाराला नेपाळीत आणखी एक बदल पक्का झाला. तोवर लोकशाहीसाठी ‘प्रजातन्त्र’ हा शब्द रूढ होता. राणा घराण्यातल्या वंशपरंपरागत पंतप्रधानांची राजवट गेली तो 1951 मधला दिवस, विक्रम संवतानुसार फागुन 7, आजही ‘प्रजातन्त्र दिवस’ म्हणून पाळला जातो. पण प्रजा म्हणजे राजाची. राजाच्या विरोधात उभं राहिलेल्या माणसांना स्वतःला प्रजा म्हणवून घेणं कसं रुचणार? म्हणून ‘लोकतन्त्र’ हा शब्द पुढे आला, आणि 2006 च्या आंदोलनाच्या विजयाचा दिवस, वैशाख 11, ‘लोकतन्त्र दिवस’ झाला. आज त्या देशाच्या पंचांगात हे दोन्ही दिवस आहेत. राजेशाही परत आणा म्हणणाऱ्या राष्ट्रीय प्रजातन्त्र पार्टीनं जुना शब्द नावात जपला आहे. त्यामुळे भाषांतर करताना मूळ नेपाळी कागद हाती आले, तर दोन्ही शब्दांना ‘लोकशाही’ लिहून पुढे जाऊ नका. कोण, कधी आणि कोणता शब्द वापरतो, यातून तो माणूस कुठल्या बाजूला उभा आहे हे कळतं.

इथे मराठी भाषांतरकारासाठी एक खास अडचण आहे. नेपाळी राजकीय लिखाणात ‘रैतीबाट नागरिक’, म्हणजे रयतेपासून नागरिकापर्यंत, असा प्रयोग वारंवार भेटतो. ‘रैती’ या शब्दात तिथे लाचारी आहे, वरच्यापुढे मान खाली घालून राहणं आहे. 1854 मध्ये जंगबहादूर राणांच्या काळात मुलुकी ऐन म्हणजे देशाची कायदेसंहिता आली, तीत एकाच गुन्ह्याला जातीप्रमाणे वेगवेगळी शिक्षा होती. ती रैतीची अवस्था. आपल्याकडे मात्र ‘रयत’ हा मायेचा शब्द आहे. शिवाजी महाराज रयतेचे राजे, आणि भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये काढलेली संस्था ‘रयत’ हेच नाव अभिमानानं मिरवते. नेपाळीतला ‘रैती’ मराठीत ‘रयत’ म्हणून आणला, तर वाक्यातली सगळी वेदनाच निघून जाईल. तिथे ‘आश्रित प्रजा’ किंवा नुसतं ‘प्रजा’ लिहावं.

व्युत्पत्ती पाहिली तर ‘नागरिक’ही नगरातूनच आला आहे. कामसूत्रातला ‘नागरक’ हा शहरात राहणारा, हौशी, रसिक माणूस. पण आज ‘नागरिक’ म्हटल्यावर कुणाला शहर आठवत नाही. राज्यघटनेनं त्या शब्दाला गावात, पाड्यावर, वाडीवर सगळीकडे पोचवलं. नेपाळमध्ये तर ‘नागरिकता’ हा शब्द नागरिकत्वाच्या दाखल्यासाठीच वापरतात: ‘माझी नागरिकता अजून निघाली नाही’, अशा अर्थानं. संविधान सभेची निवडणूक होण्याआधी, 2007 मध्ये, गावोगाव पथकं पाठवून सुमारे 26 लाख दाखले वाटण्यात आले. तराईतल्या, म्हणजे दक्षिणेकडच्या सपाट प्रदेशातल्या, कितीतरी कुटुंबांच्या हातात असा कागद पहिल्यांदाच आला. ‘नागरिक समाज’ या शब्दामागे ही गोष्टही उभी आहे, आणि ‘नागरी’ लिहिलं की ती दिसेनाशी होते.

आता सरसकट वापरू नका असं का म्हटलं ते. मदत देणाऱ्या परदेशी संस्था जेव्हा ‘सिव्हिल सोसायटी’ म्हणतात, तेव्हा पुष्कळदा त्यांना म्हणायचं असतं नोंदणी केलेल्या, कार्यालय आणि हिशेबनीस असलेल्या स्वयंसेवी संस्था. नेपाळी लोकांना हा फरक चांगला कळतो. अनुदानावर चालणाऱ्या कामाला तिथे ‘डलरखेती’, म्हणजे डॉलरची शेती, म्हणून टोचून बोलतात. हे टोचणं दरवेळी न्याय्य नसतं. काही संस्थांनी युद्धाच्या काळात जीव धोक्यात घालून अत्याचारांच्या नोंदी ठेवल्या, आणि त्या नसत्या तर आज कुठल्याही आयोगापुढे मांडायला काही उरलं नसतं. तरी अहवालातला शब्द कुणाबद्दल आहे हे प्रत्येक ठिकाणी तपासा, आणि जिथे संस्थाच अभिप्रेत असतील तिथे सरळ ‘स्वयंसेवी संस्था’ लिहा.

कारण नागरिक समाज त्यापेक्षा खूप मोठा आहे. गावातला आमा समूह, म्हणजे आयांचा गट, त्यात येतो. सामुदायिक वनाचा उपभोक्ता समूह त्यात येतो. असे समूह देशभर वीस हजारांहून अधिक आहेत, आणि युद्धाच्या वर्षांत बऱ्याच भागांत निवडून आलेलं दुसरं काही उरलं नव्हतं तेव्हाही त्यांपैकी अनेकांच्या बैठका होत राहिल्या. काठमांडू खोऱ्यातल्या नेवार समाजाच्या गुठी तर शतकांपासूनच्या. देवळाची पूजा, जात्रा, अंत्यसंस्कार अशी कामं त्या सामायिक जमिनीच्या उत्पन्नातून करतात. 2019 मध्ये सरकारनं गुठींचा कारभार बदलणारं विधेयक आणलं, तेव्हा हजारो माणसं रस्त्यावर उतरली आणि ते विधेयक मागे घ्यावं लागलं. त्यांना कुणी ‘सक्षमीकरणा’चं प्रशिक्षण दिलेलं नव्हतं.

‘सिव्हिक एज्युकेशन’कडे वळतो. ‘नागरिकशास्त्र’ हा आपल्या शाळेतला विषय. इतिहासाच्या पुस्तकाला जोडून येणारा, कमी गुणांचा, आणि नववी-दहावीत ‘राज्यशास्त्र’ होणारा. तो शब्द वाचला की बाक, फळा आणि परीक्षा आठवते. नेपाळमधलं काम बहुतांशी प्रौढांसाठी होतं. 2008 च्या संविधान सभेच्या निवडणुकीआधी मत कसं द्यायचं, दोन वेगळ्या पद्धतींच्या दोन मतपत्रिका कशासाठी, हे लोकांना समजावून द्यावं लागलं. त्याला तिथे ‘मतदाता शिक्षा’ म्हणतात. मराठीत इथे ‘शिक्षण’ करायला विसरू नका, नाहीतर मतदाराला दंड झाल्यासारखं वाटेल. शिवाय 2002 पासून 2017 पर्यंत त्या देशात स्थानिक पातळीवर निवडून आलेलं जवळजवळ कुणीच नव्हतं. कारभार सचिव पाहायचे, आणि पक्षांच्या प्रतिनिधींचं ‘सर्वदलीय संयन्त्र’ पैसे वाटून घेतं अशा तक्रारी वाढल्यावर तेही मोडीत काढलं गेलं. त्या पोकळीत ‘वडा नागरिक मंच’ आणि ‘नागरिक सचेतना केंद्र’ उभी राहिली. वडा म्हणजे वॉर्ड, सचेतना म्हणजे जाणीव. सचेतना केंद्रांत वस्तीतल्या सर्वांत गरीब घरांतल्या बाया-माणसं आठवड्याला जमायची, आपल्या गावाला किती निधी आला आणि तो कुठे गेला, हे विचारायला शिकायची.

याला ‘लोकशिक्षण’ म्हणावं का? टिळक-आगरकरांच्या काळापासून चालत आलेला हा सुंदर शब्द आहे, आणि रेडिओवरच्या कार्यक्रमांसाठी तो चपखल बसेल. पण त्यात एक शहाणा बोलतो आणि बाकीचे ऐकतात, असा भाव राहतोच. सचेतना केंद्रातली बाई स्वतः प्रश्न विचारत होती. म्हणून ‘नागरिक शिक्षण’ मला जास्त जवळचं वाटतं. ‘सचेतना केंद्र’ हे नाव मात्र तसंच ठेवा आणि एकदा अर्थ सांगा.

‘पोस्ट-कॉन्फ्लिक्ट’साठी नेपाळी लोक ‘द्वन्द्वोत्तर’ लिहितात, आणि युद्धात होरपळलेल्यांना ‘द्वन्द्वपीडित’ म्हणतात. मराठीत द्वंद्व म्हणजे मनातली ओढाताण, नाहीतर समास. ‘द्वंद्वपीडित’ हा आपल्याकडे हॅम्लेट ठरेल. ‘संघर्षोत्तर’ चालेल, पण मोर्चा-आंदोलनालाही आपण संघर्षच म्हणतो, म्हणून पहिल्या उल्लेखात ‘सशस्त्र संघर्षानंतरचा’ असं पूर्ण लिहा. ‘यादवी’ हा नेमका शब्द आहे, प्रभास क्षेत्री एरका गवत उपटून एकमेकांना मारणाऱ्या यादवांची आठवण तो जागवतो. पण ज्यांनी ते युद्ध अन्यायाविरुद्धचं म्हणून लढलं, त्यांना ‘आपसातली भांडणं’ हे वर्णन मान्य होणार नाही. अहवालात नको, लेखात चालेल.

सर्वांत जपून हाताळायचा शब्द आहे ‘रिकन्सिलिएशन’साठीचा नेपाळी ‘मेलमिलाप’. युद्धकाळातल्या अत्याचारांच्या चौकशीसाठी 2015 मध्ये नेमलेल्या आयोगाचं नाव ‘सत्य निरूपण तथा मेलमिलाप आयोग’. हाच शब्द नेपाळमध्ये मध्यस्थीसाठीही आहे: 2011 चा मध्यस्थीचा कायदा ‘मेलमिलापसम्बन्धी ऐन’, आणि गावपालिकेच्या न्यायिक समितीत बांधावरून, पाटाच्या पाण्यावरून झालेली भांडणं मिटवतात तोही मेलमिलाप. बांधाचं भांडण आणि मुलाची हत्या यांना एकच शब्द. पीडितांना याची चीड आली यात नवल नाही. जानेवारी 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पीडितांच्या संमतीवाचून असा मेलमिलाप घडवता येणार नाही, अशी भूमिका घेतली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नंदप्रसाद अधिकारी मुलाच्या खुनाचा न्याय मागत उपोषण करताना मरण पावले. मराठीत ‘दिलजमाई’ इथे क्रूर वाटेल, ‘समेट’ व्यवहारी वाटेल. आयोगाच्या नावात ‘सलोखा’ लिहा, आणि गावातल्या कामासाठी ‘मध्यस्थी’. मूळ नेपाळीतला एक शब्द मराठीत दोन झाला तरी चालेल, कारण पीडितांचं म्हणणंही तेच होतं.

‘स्ट्रेंग्दनिंग’साठी ‘बळकटीकरण’ लिहिलंच पाहिजे असं नाही. ‘नेपाळमध्ये सशस्त्र संघर्षानंतर नागरिक समाजाला बळ मिळावं आणि गावोगाव नागरिक शिक्षण पोचावं, यासाठी हे काम झालं’ असं वाक्य कुणीही एका वाचनात समजेल. क्रियापद आलं की नाम आपोआप हलकं होतं.

अहवालात ‘स्टेकहोल्डर’ही असणारच. त्यासाठी ‘भागधारक’ लिहू नका, तो कंपनीचे समभाग घेतलेला माणूस. नेपाळीत ‘सरोकारवाला’ असा छान शब्द आहे, ज्याला त्या गोष्टीशी देणंघेणं आहे तो. मराठीत ‘संबंधित मंडळी’ पुरे, आणि शक्य असेल तिथे नाव घेऊनच लिहा: शेतकरी, शिक्षक, बेपत्ता माणसांचे नातेवाईक, वॉर्डातल्या दलित सदस्या.