एजन्सीत मुलाखत झाली, आभार कोणाचे मानायचे?

प्रश्न : पुण्यातल्या एका स्टाफिंग एजन्सीत अकाउंट्स असिस्टंटच्या जागेसाठी मुलाखत दिली. आभाराचा मेल एजन्सीला पाठवू की थेट कंपनीला?

उत्तर : ज्या रिक्रूटरने मुलाखत घेतली त्यांनाच पाठवा, २४ तासांच्या आत. कंपनीच्या एचआरला परस्पर लिहू नका. उमेदवार आपल्यामार्फत आला यावरच एजन्सीची फी अवलंबून असते. परस्पर मेल गेला की त्यांची पंचाईत होते आणि पुढच्या जागांसाठी तुमचं नाव मागे पडतं.

पाच-सहा ओळी पुरेत. विषयात नाव, पद आणि मुलाखतीची तारीख हवीच, कारण रिक्रूटर एकाच वेळी अनेक जागा भरत असतात. आभाराची एक ओळ झाली की कामाचं लिहा : ‘टॅलीतल्या रोजच्या नोंदी आणि जीएसटी रिटर्न मी स्वतः करते. नोटीस पीरियड ३० दिवस. हडपसरला रोज येण्याची तयारी आहे.’ अशी वाक्यं रिक्रूटर अनेकदा तशीच कंपनीकडे पाठवतात, म्हणून पगाराचा आणि नोटिशीचा आकडा बायोडेटाशी तंतोतंत जुळू द्या.

कंपनीत पुढची फेरी झाली, तर तिथले आभारही रिक्रूटरमार्फतच पोचवा. आठवडाभर उत्तर आलं नाही तर एक फोन करा. भेटवस्तू मात्र अजिबात नको.