कडुलिंबाचा अर्क काढायच्या आधी

अरे ॲसिडमध्ये स्टीलची झीज कडुलिंबाच्या अर्काने किती थांबते, हा प्रोजेक्ट घेतलायस ते बरंय, पण सगळं लक्ष पानांवरच नको, अर्धं काम तर स्टीलच्या तुकड्यावर असतं. माइल्ड स्टील पॉलिश पेपरने घासून, धुवून, ॲसिटोनने पुसून, वाळवून मगच वजन, तेही चार डेसिमलच्या काट्यावर, आणि नंतर बोट लावायचं नाही, चिमटाच. मी पहिल्यांदा हाताने उचलले, दुसऱ्या दिवशी तुकड्यांवर माझ्याच बोटांचे ठसे गंजून उमटलेले!

पानं सावलीत वाळव. अर्क फ्रिजमध्ये, बाहेर राहिला की बुरशी.

1 मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये एक तुकडा बिनअर्काचा ठेवायचाच, तुलना त्याच्याशी, म्हणजे समज त्याचं वजन 200 मिग्रॅ घटलं आणि तेवढ्याच वेळात अर्कवाल्या तेवढ्याच तुकड्याचं 40, तर एफिशियन्सी, म्हणजे अर्काने किती झीज रोखली ते, 80 टक्के. प्रत्येक रीडिंगला तीन तुकडे घे, एकावर भरवसा नाही.

60 डिग्रीला टक्के घसरले तर घाबरू नको, अर्कातले टॅनिन वगैरे रेणू बऱ्याचदा पृष्ठभागाला नुसते चिकटून बसलेले असतात, तापलं की सुटतात. आणि हो, हा आकडा ॲसिडमधला आहे, त्यावरून घराच्या गेटला अर्क फासा असं व्हायवामध्ये बोलू नकोस.