नदीकाठी जागा फुकट मिळते म्हणे, पण टॉयलेट कोण धुणार?

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही दोघं न्यू जर्सीत राहतो, सिटिझन झालोय, मी ६१ आणि ही ५८. मुलं आपापल्या मार्गाला लागली. आता घर विकून एक फिफ्थ व्हील (पिकअप ट्रकमागे ओढायचं चाकांवरचं घर) घ्यायची आणि कुठल्यातरी नदीकाठच्या रिक्रिएशन एरियात कॅम्प होस्ट (कॅम्पग्राउंडवरच राहून त्याची देखभाल बघणारा) म्हणून व्हॉलंटियरिंग करत राहायचं असं डोक्यात बसलंय. जागेचं भाडं नाही, लाइट-पाणी फुकट, उरलेल्या वेळात नदीकाठी खुर्ची टाकून वाचन. बायको म्हणते, आधी कुणालातरी विचारा. तिला पोहता येत नाही ही तिची मुख्य धास्ती. शिवाय माझा मेहुणा आणि त्याची बायको उन्हाळ्यात व्हिजिटर व्हिसावर येणारेत, त्यांनीही थोडा हात लावला तर चालेल का?
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : दादा, वहिनींनी विचारायला लावलं ते फार बरं केलं. आम्ही दोघंही उन्हाळ्यात हेच करतो त्यामुळे उत्साहावर पाणी ओतायचं नाहीये, पण 'फुकट' हा शब्द आधी डोक्यातून काढा. जागा मिळते ती तासांच्या बदल्यात. बहुतेक ठिकाणी आठवड्याला २० ते ३२ तासांच्या मध्ये कुठेतरी आकडा असतो आणि खरी मेख पुढे आहे, की हे तास दोघांचे मिळून की प्रत्येकी? जाहिरातीत हे कधी स्पष्ट असतं कधी नसतं. प्रत्येकी २४ असतील तर तुमच्या घरातून आठवड्याला ४८ तास गेले, मग ते पुस्तक बहुतेक पावसाळी दिवशीच उघडणार. शनिवार-रविवार तर विसराच, लोक तेव्हाच येतात ना.

जागा शोधायची तर फेडरल एजन्सीजच्या बहुतेक जाहिराती व्हॉलंटियर डॉट जीओव्ही वर असतात, म्हणजे नॅशनल पार्क सर्व्हिस, फॉरेस्ट सर्व्हिस, बीएलएम (सरकारी जमिनी सांभाळणारं खातं), आर्मी कोअर ऑफ इंजिनियर्स वगैरे. स्टेट पार्क्सचं वेगळं, ज्या त्या राज्याच्या साइटवर बघायचं. उन्हाळ्याच्या चांगल्या जागा थंडीतच भरायला लागतात, मे महिन्यात फोन केलात तर उरलंसुरलं मिळेल. आणि एक गोंधळ नेहमी होतो म्हणून सांगते, होस्ट दिसला म्हणजे तो व्हॉलंटियरच असं नाही. फॉरेस्ट सर्व्हिसची बरीच कॅम्पग्राउंड्स खाजगी कंपन्या चालवतात, त्यांचे होस्ट पगारी असतात. कोअरच्या तलावांवर गेटवर बसणारे पार्क अटेंडंट तर रीतसर बोली लावून काँट्रॅक्ट घेतात. तुम्हाला पगार नकोय हे ठीक, पण आपण नक्की कशासाठी अर्ज करतोय ते बघून करा.

फेडरल व्हॉलंटियर झालात की ओएफ-३०१ए नावाचा करार सही करावा लागतो. तो कंटाळा न करता वाचा, कारण त्यात तुमचं काम काय ते लिहिलेलं असतं आणि त्या लिहिलेल्या कामात असताना इजा झाली तर फेडरल कर्मचाऱ्यांना असतं तसं वर्कर्स कॉम्पचं, म्हणजे कामावरच्या इजेच्या भरपाईचं, संरक्षण मिळतं. म्हणजे करारात झाडं कापणं नसेल आणि तुम्ही हौसेने करवत घेऊन गेलात तर पंचाईत तुमची. बॅकग्राउंड चेक बऱ्याच ठिकाणी होतो. आणखी एक फायदा, २५० तास भरले की अमेरिका द ब्युटिफुलचा (फेडरल पार्क्सच्या प्रवेशाचा) वर्षाचा व्हॉलंटियर पास मिळतो, आणि सहभागी एजन्सीजकडे केलेले तास एकत्र मोजले जातात, त्यामुळे हिशोब ठेवा.

आता शीर्षकातला प्रश्न. टॉयलेट तुम्हीच धुणार :) नदीकाठी बहुतेक ठिकाणी व्हॉल्ट टॉयलेट असतं, म्हणजे खाली बंद टाकी, फ्लश नाही. त्याची रचना मजेशीर असते, बाहेरचा उंच काळा पाइप उन्हाच्या बाजूला असतो, तो तापला की आतली हवा वर चढते आणि दाराच्या जाळीतून आत येणारी हवा भांड्यातून खाली ओढली जाते, म्हणून नीट चालत असेल तर वास येतच नाही. कुणी दाराला दगड लावून ते उघडं ठेवलं की ही ओढ बिघडते आणि मग तुम्हाला तक्रारी ऐकायच्या. लोक आत डायपर, बियरचे कॅन, काय काय टाकतात, आणि टाकी उपसायला ट्रक येतो तेव्हा त्याच्या पाइपात ते अडकतं, त्यामुळे 'आत कचरा टाकू नका' हे वाक्य तुम्ही सीझनभर म्हणणार आहात. उंदराच्या लेंड्या दिसल्या तर कोरडा झाडू कधीच मारायचा नाही, आधी ब्लीचचं पाणी मारून भिजवायचं मग पुसायचं, हंताव्हायरसचं कारण आहे त्यामागे. शेकोटीच्या खड्ड्यातली राख काढायची तीही पाणी ओतून, ढवळून, हाताला गार लागली की मगच. वरून विझलेली राख आत निखारे धरून बसते.

जागेवर हुकअप, म्हणजे गाडीला लाइट, पाणी, सुएर (सांडपाण्याची लाइन) यांची जोडणी, आहे का हे 'हो' किंवा 'नाही' मध्ये विचारू नका, तपशिलात विचारा. ३० अँपियरचं कनेक्शन म्हणजे १२० व्होल्टवर ३,६०० वॅट, एसी चालू असताना मायक्रोवेव्ह आणि वॉटर हीटर लावलात की ब्रेकर पडलाच. ५० अँपियरला १२० व्होल्टच्या दोन लाइन येतात म्हणून १२,००० वॅट मिळतात, मोठ्या फिफ्थ व्हीलला तेच हवं. सुएर जागेवर आहे की टाक्या रिकाम्या करायला डंप स्टेशनला गाडी हलवावी लागणार? जागेवर सुएर असलं तरी ब्लॅक टँकचा (टॉयलेटच्या टाकीचा) व्हॉल्व्ह सतत उघडा ठेवू नका. पाणी निघून जातं आणि घट्ट माल मागे साठून बसतो, तो काढणं म्हणजे नवरा-बायकोच्या नात्याची परीक्षा. बंद ठेवून टाकी बऱ्यापैकी भरली की सोडायची, मागोमाग ग्रे टँक (सिंक-शॉवरच्या पाण्याची टाकी), म्हणजे पाइप धुऊन निघतो. नळाला प्रेशर रेग्युलेटर लावा. आणि गाडी घेण्याआधी लांबी! नदीच्या दरीतल्या जुन्या कॅम्पग्राउंडमध्ये वळणं इतकी घट्ट असतात की लांबलचक फिफ्थ व्हील आत शिरतच नाही, मग आवडलेली जागा सोडावी लागते. मी तर म्हणेन आधी कुठल्या नद्या ते ठरवा, मग गाडी घ्या.

उदाहरणच घ्यायचं तर कोलोरॅडोतलं आर्कान्सा हेडवॉटर्स रिक्रिएशन एरिया. लेडव्हिलपासून प्वेब्लोच्या जलाशयापर्यंत १५२ मैल नदी, स्टेट पार्क खातं, बीएलएम आणि फॉरेस्ट सर्व्हिस मिळून सांभाळतात, मधला ब्राउन्स कॅन्यन २०१५ मध्ये नॅशनल मॉन्युमेंट झाला. राफ्टिंगची तुफान गर्दी. बर्फ वितळून जूनमध्ये पाणी चढतं आणि पुढे ओसरू नये म्हणून १ जुलै ते १५ ऑगस्ट वरच्या धरणांतून पाणी सोडून वेल्सव्हिलच्या मोजणीपाशी ७०० सीएफएस टिकवायचं असा ऐच्छिक करार आहे. सीएफएस म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी गेलं, ७०० म्हणजे सेकंदाला जवळजवळ २० हजार लिटर. होस्टला सकाळपासून हाच प्रश्न येतो, 'आज किती आहे?' त्यामुळे यूएसजीएस या सरकारी खात्याचं गेज (नदीच्या पाण्याची मोजणी) बघायची सवय लावून घ्या. पण तिथली बरीचशी कॅम्पग्राउंड्स साधी आहेत, आणि तिथलं सॅलिडा गाव ७,००० फुटांवर आहे, जिना चढतानाही आधी दम लागेल. मोबाइलची रेंज दरीत गायब, आणि सॅटेलाइट इंटरनेटलाही मोकळं आकाश लागतं, दोन्ही बाजूला कडे असले की तेही रडतं. मुलांशी रोज व्हिडिओ कॉल करायची सवय असेल तर हे आधीच सांगून ठेवा त्यांना.

वहिनी, पोहता न येणं ही अडचण नाही, कारण होस्टने पाण्यात उडी मारायचीच नसते. तुमचं काम रेडिओवर कळवणं, आणि शिकवलं असेल तर काठावरून दोरीची पिशवी फेकणं. तुम्ही स्वतः काठाशी काम करताना लाइफ जॅकेट घाला, लाज वाटून घेऊ नका. फक्त नदी धरणाच्या खाली असेल तर जास्त सांभाळायचं. अटलांटाजवळची चॅटाहूची बघा, बुफर्ड धरणातून पाणी सोडलं की पात्र भराभर चढतं आणि ते पाणी लेक लॅनियरच्या तळातून येतं म्हणून भर उन्हाळ्यातही बर्फासारखं गार. तिथे भोंगा वाजला की चर्चा न करता वर यायचं.

मेहुण्यांच्या बाबतीत मात्र उत्तर स्पष्ट आहे : नाही. ते पाहुणे म्हणून येऊन राहू शकतात, तेही होस्टच्या जागेवर किती पाहुणे किती दिवस चालतात ते विचारून. पण जागेच्या बदल्यात केलेलं काम हे मोबदला घेऊन केलेलं काम धरलं जाऊ शकतं आणि व्हिजिटर व्हिसावर ती भानगड कशाला. बसू दे त्यांना खुर्चीत, तुमचं पुस्तक त्यांना द्या.

घर विकण्याबद्दल. एक पूर्ण सीझन करून बघा, घर भाड्याने द्या किंवा तसंच ठेवा, पण विकू नका. छोट्या जागेत दोघांनी राहणं, वर तेच काम एकत्र करणं, हे सुट्टीवर जाण्यापेक्षा अगदी वेगळं आहे. विकलंच तर कायमचा पत्ता कुठला हा प्रश्न येतो. फुलटायमर लोक साउथ डकोटा, टेक्सास, फ्लोरिडा असं काहीतरी धरतात, तिन्हीकडे स्टेट इन्कम टॅक्स नाही आणि मेल पुढे पाठवणाऱ्या सर्व्हिसेस आहेत. पण टॅक्स बघून पत्ता निवडू नका, तुम्ही ६१ चे आहात, मेडिकेअरला (पासष्टीनंतरच्या सरकारी आरोग्य विम्याला) अजून चार वर्षं आणि वहिनींना सात. तोपर्यंत मार्केटप्लेसचा आरोग्य विम्याचा प्लॅन घ्यावा लागेल, तो त्या पत्त्यावर ठरतो आणि बऱ्याच प्लॅन्सचं नेटवर्क त्याच भागापुरतं असतं. फ्लोरिडाचा प्लॅन घेऊन ऑरेगनच्या नदीवर गुडघा मुरगळला तर इमर्जन्सी तेवढी कव्हर होईल, पुढची फिजिओथेरपी खिशातून. पासष्टीनंतरही हेच लक्षात ठेवा, ओरिजिनल मेडिकेअर देशभर चालतं, अॅडव्हांटेज प्लॅन (खाजगी कंपन्यांमार्फतचं मेडिकेअर) बहुतेक नेटवर्कला बांधलेले. सगळ्यात आधी हा कागद घेऊन बसा, फिफ्थ व्हीलच्या शोरूममध्ये नंतर जा.

प्रश्न : मी एच-१बी वर आहे, नवरा एच-४ वर, काम पूर्ण रिमोट. तीन महिने आरव्हीतून काम करून वीकेंडला होस्टगिरी केली तर जागेचे पैसे वाचतील असं वाटतंय. जमेल?
– एक वाचक, टेक्सास

उत्तर : नको गं. वरचंच कारण, जागा हा मोबदला धरला तर तो तुझ्या एम्प्लॉयरबाहेरचा होतो, आणि नवऱ्याकडे वर्क परमिट नसेल तर त्यालाही तेच लागू. दुसरं म्हणजे एच-१बी कामाच्या जागेला बांधलेला असतो, वेगळ्या मेट्रो एरियात जाऊन तीन महिने काम केलंस तर पिटिशन अमेंड करायची वेळ येऊ शकते, कंपनीच्या वकिलांना न विचारता आरव्ही बुक करू नकोस. पैसे भरून जागा घ्या, आणि मदत करायचीच असेल तर एका दिवसाची नदी-सफाई असते त्यात जा, बदल्यात काही न घेता. सप्टेंबरच्या चौथ्या शनिवारी नॅशनल पब्लिक लँड्स डे असतो, त्या दिवशी देशभर अशी कामं निघतात. हेही वकिलांच्या कानावर घालून ठेव, एका ईमेलचं काम आहे.

प्रश्न : आम्ही यंदा होस्ट आहोत. बोट रॅम्पवर लोक अजिबात ऐकत नाहीत. लाइफ जॅकेट बोटीच्या तळाशी, हातात बियर, आणि 'पाणी शांत आहे' म्हणून वाद घालतात. भारतीय दिसतो म्हणून की काय, आमचं तर आणखीच ऐकत नाहीत असं वाटतं. काय बोलायचं?
– एक वाचक, ऑरेगन

उत्तर : तसं कधी कधी असेलही, त्याचा त्रास होतो हे मी नाकारणार नाही. पण व्हॉलंटियरला कायदा बजावायचा अधिकारच नसतो, म्हणून वाद जिंकायला जाऊच नका. बघायचं, टिपून ठेवायचं, रेंजरला कळवायचं. कुणी अंगावर आलं, शिवीगाळ केली तर तिथून निघून रेडिओ करायचा, आणि तारीख-वेळ लिहून कोऑर्डिनेटरला द्यायची, दर वेळी.

बोलायचं तर नियमाने सुरुवात करू नका, प्रश्नाने करा. 'कुठे टेक-आउट करणार?' (म्हणजे बोट पाण्याबाहेर कुठे काढणार) हे विचारलं की माणूस थांबतो, मग आपोआप पाणी किती, पुढे कुठे झाड आडवं पडलंय हे सांगता येतं. लहान मूल असेल तर आई-वडिलांशी न बोलता मुलाचंच जॅकेट बघायचं, खांद्याला धरून वर ओढायचं (आधी विचारून हं), कानापर्यंत वर आलं तर ते सैल आहे, आणि हे आई-वडिलांना दिसतंच. १३ वर्षांखालच्या मुलांसाठी चालत्या बोटीवर जॅकेट घालणं फेडरल नियमात आहे, राज्याचा स्वतःचा नियम असेल तर तो लागू होतो, तुमच्या रॅम्पवर कुठला आहे तो पाठ करून ठेवा.

'पाणी शांत आहे' म्हणणाऱ्याला १-१०-१ सांगा. गार पाण्यात पडल्यावर श्वास ताब्यात यायला १ मिनिट, हातपाय कामाचे राहतात साधारण १० मिनिटं, आणि शुद्ध हरपायला १ तास. म्हणजे पोहणारा माणूसही थंडीने मरायच्या आधीच हात चालत नाहीत म्हणून बुडतो, जॅकेट त्या तासासाठी असतं. आणि पडलातच तर वाहत्या पाण्यात उभं राहू नका हेही सांगा. पाय दगडात अडकला की प्रवाह माणसाला पुढे वाकवतो आणि कंबरभर पाण्यातही तोंड वर काढता येत नाही. पाठीवर झोपायचं, पाय पुढे प्रवाहाच्या दिशेला, आणि हाताने काठ गाठायचा.

बियरबद्दल मी स्वतः काही बोलत नाही, ते रेंजरचं काम. सहा-सात उसनी लाइफ जॅकेटं वेगवेगळ्या मापांची रॅम्पवर खुंटीला टांगून ठेवता येतील का ते मात्र ऑफिसला विचारा. बऱ्याच ठिकाणी अशी उसनी द्यायची सोय असते, आणि समोर आयतं टांगलेलं असलं की न आणणारेही घालतात.