पत्त्यात दोन गावं कशी?

प्रश्न : मुलगी इटलीत ला स्पेत्सियाला शिकायला जातेय. खोलीच्या करारात रस्त्याखाली ‘फ्रात्सिओने मानारोला’ आणि त्याखाली ‘१९०१७ रिओमाज्जोरे (एसपी)’ असं आहे. तिचं गाव नेमकं कोणतं? फॉर्मवर काय लिहायचं?
– एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : राहायला मानारोला, कागदोपत्री रिओमाज्जोरे. महापौर, जन्म-मृत्यूच्या नोंदी, रहिवासी नोंदणी, सगळं कोमुनेकडे, म्हणजे तिथल्या नगरपालिकेकडे असतं. तिच्या हद्दीत मुख्य गावापासून सुटी असलेली वस्ती म्हणजे फ्रात्सिओने. आपल्याकडे एका ग्रामपंचायतीखाली मजरे-टोले असतात, तसंच. फ्रात्सिओनेला स्वतंत्र कारभार नाही. २०००च्या कायद्यानुसार महापौर तिथली काही कामं एखाद्या नगरसेवकाकडे सोपवू शकतो, एवढंच.

फॉर्मवर ‘कोमुने’च्या रकान्यात रिओमाज्जोरेच लिहा. मानारोला पत्त्यात, रस्ता आणि घरक्रमांकानंतर. ते गाळू मात्र नका. एकाच कोमुनेच्या दोन वस्त्यांत ‘व्हिया रोमा’ असू शकतो, मग पत्र भलत्याच दारी जातं. पिनकोड करारावरचाच घ्या, कारण काही कोमुनेंत तो वस्तीगणिक बदलतो. ‘एसपी’ हे ला स्पेत्सिया प्रांताचं लघुरूप.

राहण्याच्या परवान्याचा अर्ज कोमुनेत नव्हे, पोस्टात द्यायचा, इटलीत पोचल्यापासून ८ कामाच्या दिवसांत. रहिवासी नोंदणी करायची असेल, तर ती रिओमाज्जोरेच्या कोमुनेत. घरात राहायला गेल्यापासून २० दिवसांत. त्यानंतर ४५ दिवसांच्या आत कोमुनेचा पोलिस कधीही घरी येऊन खात्री करू शकतो. गाडं अडतं ते इथेच: दाराच्या घंटीवर आडनाव नसेल, तर ‘इथे कोणी राहत नाही’ असा शेरा पडतो. पासपोर्टवरचं आडनाव घंटीवर आणि टपालपेटीवर पहिल्याच दिवशी लावून घ्या. करार पर्यटकांसाठीचा, थोड्या मुदतीचा नाही ना, तेही सही करण्याआधी पाहा. या किनाऱ्यावर तसे करार सर्रास होतात.

प्रश्न : ला स्पेत्सियाजवळच्या चिंक्वे तेर्रे किनाऱ्यावर गावं पाच, मग नगरपालिका तीनच कशा?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : मोन्तेरोस्सो, वेर्नात्सा आणि रिओमाज्जोरे या तीन कोमुने. कोर्निल्या वेर्नात्साखाली येतं, मानारोला रिओमाज्जोरेखाली. स्टेशन मात्र पाचही गावांना आहे, म्हणून तिकिटावर कोमुनेचं नाही, गावाचं नाव हवं. कोर्निल्याला जायचं असताना वेर्नात्साचं तिकीट काढलंत, तर ला स्पेत्सियाहून येताना एक स्टेशन पुढे जाऊन उतराल. शिवाय कोर्निल्याचं स्टेशन खाली समुद्राकाठी आणि गाव वर डोंगरावर, मध्ये पावणेचारशेच्या वर पायऱ्या. बॅगा जड असतील तर स्टेशनवरून वर जाणारी बस घ्या.