शेड तुमची, जमीन कोणाची?

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना शेडसह घेतोय. मालक म्हणतात, 'नोटरी करू, मुखत्यारपत्र देतो, एमआयडीसीकडं कशाला हेलपाटे?' चालेल का?
– एक यंत्रमागधारक, सोलापूर

उत्तर : अजिबात नाही. ज्यांना तुम्ही मालक म्हणताय, ते जमिनीचे मालक नाहीत, पट्टेदार आहेत. एमआयडीसी भूखंड विकत नाही, साधारणपणे ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं देते. म्हणजे तुम्ही घेताय ती उरलेली वर्षं. पट्टा कधी सुरू झाला ते आधी बघा आणि वजाबाकी करून मगच भाव बोला.

नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. मुखत्यारपत्रावर मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्येच स्पष्ट केलंय. तरी आपल्याकडं 'ओळखीतला माणूस आहे' म्हणून लाखांचे व्यवहार होतात. माझ्या एका पक्षकारानं असाच कागद सात वर्षं कपाटात जपला. कर्जासाठी बँकेत गेला, तेव्हा बँकेनं तो हातातही घेतला नाही.

मूळ करारातली हस्तांतराची अट वकिलाकडून वाचून घ्या. एमआयडीसीची लेखी पूर्वपरवानगी आणि हस्तांतरण शुल्क लागेल. ते कोण भरणार हे इसारपावतीतच लिहा, तोंडी नको. पाणीपट्टी, वीजबिल थकलेलं नाही आणि बँकेचा बोजा नाही, याचे दाखले मागा. परवानगी आली की दुय्यम निबंधकाकडं अभिहस्तांकन, म्हणजे पट्टा तुमच्या नावे करणारा दस्त, नोंदवा. तोवर इसारापलीकडं एक रुपया देऊ नका, मालक कितीही घाई करोत.