हॅलोविनच्या घरगुती भुताला स्वस्तातला मोशन सेन्सर नीट कसा बसवायचा?

तुम्ही लिहिलंय की पोर्चवर हात वर करणारा सांगाडा बनवलाय, त्याला एचसी-एसआर५०१ सेन्सर लावलाय, पण कुणी नसताना हात हलतो आणि पोरं समोर आली की ढिम्म. सेन्सर फेकू नका हो, तो चांगला असणार, जागा चुकलीये. मी न्यू जर्सीत राहतो, गेली काही वर्षं ३१ ऑक्टोबरला दारात काहीतरी हलतं-बोलतं ठेवतोच, आणि पहिल्या वर्षी माझंही हेच झालं होतं. सेन्सर दारावर समोर तोंड करून ठोकला, तर ड्राइव्हवेत गाडी वळली की भूत उठायचं आणि पोरं पायऱ्या चढून आली, चॉकलेट घेऊन वळली की मग त्यांच्या पाठीमागे उठायचं. फार वाईट वाटलं होतं, महिनाभर खपून बनवलं होतं ते.

हा सेन्सर खरं तर हालचाल बघतच नाही, अंगाची उष्णता बघतो. आत दोन तुकडे असतात, ऊब एका तुकड्यावरून दुसऱ्यावर सरकली की त्या फरकावर तो सिग्नल देतो. त्यामुळे समोरून आडवं गेलेलं माणूस तो पटकन पकडतो आणि सरळ त्याच्याच दिशेने चालत येणारं उशिरा, कधीकधी पकडतच नाही. म्हणून तो दारावर नको, पायऱ्यांच्या बाजूला कठड्याला लावा, तोंड वाटेला आडवं, उंची साधारण पोरांच्या छातीएवढी. आणि सेन्सरवरची ती पांढरी घुमटी जवळजवळ १२० अंशातलं सगळं बघते, तेवढं आपल्याला नकोच असतं, तर तिच्यावर काळ्या जाड कागदाची तीन-चार इंचांची नळी करून चिकटवा. मी नळी लावली आणि एका पायरीएवढीच पट्टी उरली, त्या पायरीवर पाय पडला की हात वर! इतका फरक पडतो.

पावसापासून जपायला सेन्सर काचेमागे ठेवू नका, ही उष्णता काचेतून जात नाही, त्यापेक्षा डब्याला भोक पाडून घुमटी बाहेर काढा. आणि भोपळ्यात खरी मेणबत्ती असेल तर ती त्याच्या नजरेत येऊ देऊ नका, ज्योत हलली की तो फसतो, एलईडीवाली लावा. पोरांनी जाड फोमचे कॉश्च्युम घातले तर ऊब कमी दिसते, पण ऑक्टोबर अखेरच्या गार हवेत चेहरा आणि हात तेवढे पुरतात.

पॉवर दिल्यावर एक मिनिटभर तो स्वतःच स्थिर होत असतो, तेव्हा उगाच चालू-बंद होतो, त्यावरून काही ठरवू नका. मग सेन्सरवरचा वेळेचा स्क्रू (सिग्नल किती वेळ टिकतो तो) अगदी कमीवर, म्हणजे साधारण तीन सेकंदांवर आणा, जंपर, म्हणजे पिनांवरची छोटी टोपी, एल वर ठेवा. सेन्सिटिव्हिटीचा स्क्रूही कमीच बरा, तुम्हाला सात मीटर लांबचं काय करायचंय.

आता कुणी नसताना हात का हलतो, तर दोन गोष्टी तपासा. एक, तुमचा रिले, म्हणजे सेन्सरच्या सिग्नलवर मोटार चालू-बंद करणारा स्विच. बरेच स्वस्त रिले बोर्ड सिग्नल लो (शून्य व्होल्टजवळ) झाला की चालू होतात आणि हा सेन्सर माणूस दिसल्यावर हाय देतो, तोही ३.३ व्होल्टचा, म्हणजे सगळं उलटं होतं. हाय-ट्रिगरचा जंपर असलेला रिले घ्या, नाहीतर मध्ये आर्डुइनो नॅनो, म्हणजे कोड लिहून चालवायचा छोटा बोर्ड, टाका. मी नॅनोच टाकतो कारण एकदा हात हलला की पुढचे वीस सेकंद सेन्सरकडे लक्षच द्यायचं नाही असं कोडमध्ये लिहिता येतं, मागच्या घोळक्यालाही तोच धक्का बसतो. दुसरं म्हणजे मोटार. हात हलवणारी मोटार (बहुतेक गाडीच्या वायपरची) आणि सेन्सर एकाच सप्लायवर असतील तर मोटार बंद होताना तारेत जो झटका येतो तो सेन्सरला पुन्हा चाळवतो, मग ते चक्र थांबतच नाही. सप्लाय वेगळे करा, मोटारीच्या टोकांवर उलटा डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग) लावा, तो झटका जिरवतो, १एन४००७ चालतो.

आणि एक साधं बटण तुमच्या खुर्चीजवळ नक्की ठेवा, सांगाडा बंद करायला. आमच्याकडे त्या दिवशी सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि अगदी छोटी दोन-तीन वर्षांची पिल्लं त्याच्या आधीच आईबाबांचं बोट धरून येतात, त्यांच्यासाठी मी बंदच ठेवतो, मोठी पोरं यायला लागली की चालू.