सोलापुरातून रॉकेट दिसेल का हो?

प्रश्न : ताई नमस्कार, माझा धाकटा भाऊ चेन्नईला असतो. ३० डिसेंबर २०२४ ला रात्री १० वाजता इस्रोचं ते स्पेडेक्सवालं (दोन उपग्रह अवकाशात एकमेकांना जोडायचे होते ते) रॉकेट सुटलं ते त्याने गच्चीवरून बघितलं. म्हणतो नारिंगी गोळा वर आला, मग एकदम विझला, आम्हाला वाटलं गेलं कामातून, तर परत बारीक ठिपका दिसायला लागला. आवाज मात्र अजिबात नाही. असं का? आणि आमच्या गच्चीवरून त्या बाजूला सगळं मोकळं आहे, तर सोलापुरातून दिसेल का कधी? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : भावाने बरोब्बर बघितलंय. ते पीएसएलव्ही होतं, म्हणजे इस्रोचं उपग्रह सोडायचं नेहमीचं रॉकेट, आणि त्याचा पहिला टप्पा म्हणजे सुमारे १३८ टन घन इंधन, त्यात अॅल्युमिनियमची पूड असते म्हणून ती आग इतकी भगभगीत दिसते. दोन मिनिटांच्या आतच ते सगळं जळून संपतं आणि रिकामं नळकांडं खाली समुद्रात पडतं. मग दुसरा टप्पा पेटतो, तो द्रव इंधनाचा, विकास नावाच्या इंजिनचा, त्याची ज्योत त्या मानाने अगदीच फिकट. शिवाय तोवर रॉकेट बरंच लांब गेलेलं असतं. म्हणजे विझलं वगैरे काही नाही, मोठी आग संपून छोटी लागली एवढंच. पण खरं सांगू, तो मधला क्षण माहीत असूनसुद्धा पोटात गोळा येतोच.

आवाजाचं म्हणाल तर ही रॉकेटं सुटतात आंध्रातल्या श्रीहरिकोट्याहून, आणि तिथून चेन्नई साधारण ८० किलोमीटर. आवाजाला तेवढं यायला जवळजवळ चार मिनिटं लागतात, आणि तोवर गच्चीवरची मंडळी ‘झालं वाटतं’ म्हणत जिना उतरून खाली गेलेली असतात 😀 आलाच तरी इतका दबका की खालच्या रिक्षांच्या हॉर्नमध्ये कुठच्या कुठे जिरून जातो.

आता सोलापूर. नकाशावर सरळ रेघ मारली तर श्रीहरिकोटा तुमच्यापासून सव्वासहाशे किलोमीटरच्या आसपास, आग्नेयेला. पृथ्वी गोल असल्यामुळे इतक्या लांबून बघायचं तर रॉकेट आधी ३० किलोमीटरच्या वर चढायला हवं, तेव्हा कुठे ते तुमच्या क्षितिजाला टेकणार. आणि तो भगभगीत टप्पा साधारण ५०-६० किलोमीटर उंचीपर्यंतच असतो. म्हणजे जे काही दिसायचं ते क्षितिजाला अगदी चिकटून. हात पूर्ण ताणून एक बोट आडवं धरा, त्या बोटाच्या जाडीएवढ्या पट्टीत तुमचा सगळा खेळ, तोही जेमतेम अर्ध्या मिनिटाचा. त्यात धूळ, धुकं, रस्त्यावरचे दिवे. त्यामुळे रात्री १० चं लाँच असेल तर मी म्हणेन नाद सोडा, टीव्हीवर बघा.

पण पहाटेचं असेल तर मात्र गजर लावाच! सूर्य उगवायच्या थोडं आधी जमिनीवर अंधार असतो पण वर शंभर किलोमीटरवर ऊन पोचलेलं असतं, तेव्हा रॉकेटचा धूर आणि वायू उन्हात आल्यावर आपोआप चमकतो, ज्योतीची गरजच नाही. आणि श्रीहरिकोटा आपल्या पूर्वेकडे, म्हणजे तिकडचं आकाश आधी उजळणार आणि आपण अजून बऱ्यापैकी अंधारात, हा आपला फायदा. २९ जानेवारी २०२५ ला श्रीहरिकोट्याहून शंभरावं उड्डाण झालं ते सकाळी ६ वाजून २३ मिनिटांनी, असंच अगदी सूर्योदयाच्या तोंडावर. दिसेलच अशी गॅरंटी मी देत नाही हं, पण उठायचंच झालं तर अशाच वेळेला उठा.

त्यापेक्षा एकदा भावाकडे जाऊन या की. गच्चीवर उत्तरेकडे तोंड करून उभं राहायचं. रॉकेट वर येऊन उजवीकडे समुद्रावर झुकत जातं. अजून जवळून बघायचं तर श्रीहरिकोट्याला २०१९ पासून लोकांसाठी गॅलरी आहे, आधी ऑनलाइन नाव नोंदवावं लागतं, जवळचं स्टेशन सुलूरपेट. आणि मोबाईल खिशात ठेवा प्लीज. मी पहिल्यांदा गेले तेव्हा सगळा वेळ स्क्रीनकडे बघत बसले. रेकॉर्ड काय झालं तर शेजारच्यांची पाण्याची टाकी आणि माझाच आवाज, ‘कुठंय गं, कुठंय?’

प्रश्न : २०२२ च्या गुढीपाडव्याला रात्री आमच्या गावावरून जळतं काहीतरी गेलं, तेही रॉकेटच ना? – एक वाचक, चंद्रपूर जिल्हा

उत्तर : रॉकेटच, पण चढणारं नाही, पडणारं. २ एप्रिलची गोष्ट. चीनच्या लाँग मार्च रॉकेटचा जुना टप्पा वातावरणात शिरून जळत होता, विदर्भापासून खानदेशापर्यंत लोकांनी बघितला. सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला त्याचं भलंमोठं लोखंडी कडं पडलेलं सापडलं, लोखंडी आपलं बोलायचं म्हणून, धातूचं. उल्का असती तर एकदोन सेकंदात संपली असती. हे कसं, सावकाश, तुकडे एकामागोमाग एका रांगेत, मालगाडीसारखे जात होते. तुम्ही पाठवलेल्या व्हिडिओत पाठीमागून कोणीतरी ‘विमान पडलं, विमान पडलं’ ओरडतंय, त्याला काय दोष देणार, मीही तेच ओरडले असते.